थीम पार्कच्या तीन दिवसांत काय खायचं आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन दिवस थीम पार्कला जायचंय. सोबत सात आणि साडेतीन वर्षांची मुलं आहेत, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाई आहेत. तुम्ही स्वतः गेल्या काही महिन्यांत मेहनतीने वजन उतरवलंय आणि तीन दिवसांत सगळं मुसळ केरात जाईल अशी धास्ती वाटतेय. तर डबा बांधून न्यायचा आणि मुलांना सगळ्यालाच ‘नाही’ म्हणत फिरायचं, की ‘सुट्टी आहे, होऊ दे’ म्हणून सोडून द्यायचं?

दोन्ही नको. पहिल्याने घरातलं वातावरण बिघडतं, दुसऱ्याने पोट. आहारतज्ज्ञ म्हणून सहलीहून परतलेल्यांची गाऱ्हाणी मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि त्यात एक गोष्ट हमखास आढळते. आवडीचा एखादा पदार्थ मन लावून खाल्ल्यामुळे कुणाचं फारसं बिघडलेलं नसतं. बिघडतं ते भुकेने कावल्यावर समोर दिसेल ते घेतल्यामुळे आणि दिवसभर गोड पाणी पीत राहिल्यामुळे. या दोन गोष्टी आवरल्यात की बाकीच्या मौजेला भरपूर जागा उरते.

दुपारी दीडचं फूड कोर्ट डोळ्यांसमोर आणा. नाश्ता आठला झालाय, त्यानंतर साडेपाच तास उन्हात चालणं आणि रांगेत उभं राहणं. धाकटं कडेवर रडतंय, मोठ्याला तहान लागलीय, बसायला टेबल नाही आणि पुढे वीस माणसं. अखेर नंबर लागतो आणि काउंटरवरचा मुलगा विचारतो, “कॉम्बो ना? लार्ज करू?” तोंडातून ‘हो’ निघतं, कारण ‘हो’ म्हटलं की विषय मिटतो. मग पाच जणांचे पाच कॉम्बो येतात, प्रत्येकात तळलेल्या बटाट्याचा ढीग आणि अर्ध्या लिटरचं गोड पेय. त्यातलं निम्मं कुणालाच नको असतं, पण पैसे मोजलेत म्हणून संपवलं जातं. पुढच्या राईडच्या रांगेत डोकं जड, पोट डब्ब. आता सांगा, यात जिभेचे चोचले कुठे आहेत? चवीकडे तर कुणाचं लक्षही नव्हतं.

म्हणून पार्कला निघालेल्या कुटुंबाला मी पथ्याची यादी देत नाही, वेळापत्रक देते. दुपारच्या जेवणाला साडेअकराच्या आत बसायचं. सव्वाअकराला फूड कोर्टात शिरलात तर टेबल मिळतं, फलक शांतपणे वाचता येतो, ‘नुसता बर्गर द्या, कॉम्बो नको’ असं सांगायला डोकं जागेवर असतं. आणि मुख्य म्हणजे, बाकीचे लोक साडेबारा ते दोन जेवायला बसतात तेव्हा राईडच्या रांगा जरा ओसरतात, त्याचा फायदा तुम्हाला. अडीच-तीनच्या सुमारास सावलीत बसून काहीतरी खायचं, मौजेचं जे काही ठरवलंय ते याच वेळी. सहा वाजता रात्रीचं जेवण. तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त अंतर कुठेही पडू द्यायचं नाही. लहान मुलं आणि सासूबाई, दोघांसाठी हेच अंतर योग्य आहे, म्हणजे कुटुंबात दोन वेळापत्रकं चालवायची गरज नाही.

अॅपवरून आधी ऑर्डर देण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा. वेळ वाचतो हा एक भाग. दुसरा असा की ती ऑर्डर तुम्ही सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, पोट भरलेलं असताना देऊ शकता. भरल्या पोटी केलेली निवड भुकेल्या पोटी केलेल्या निवडीपेक्षा बहुतेक वेळा शहाणी असते.

नाश्त्याबद्दल. हॉटेलचा बुफे दिसला की ‘पैसे वसूल’ करण्याची आपली जुनी खोड उफाळून येते. अकरा वाजता पुन्हा खायचंच आहे, तेव्हा कोंबून खायचं कारण नाही. अंडी, दही, दूध, पनीर, कडधान्य यांपैकी प्रथिनांचं काहीतरी भरपूर घ्या, एक फळ घ्या, आणि ब्रेड किंवा सवयीचा धान्याचा पदार्थ. गोड पेस्ट्री, सिरप ओतलेले पॅनकेक आणि फळांचा रस एवढ्यावरच नाश्ता झाला तर साडेदहालाच भूक डोकं वर काढते, कारण त्यात पोटाला धरून ठेवणारं फार थोडं असतं. चहा-कॉफीची सवय असेल तर घ्या. कॉफीने शरीरातलं पाणी कमी होतं हा समज नेहमी कॉफी पिणाऱ्यांच्या बाबतीत जवळपास निराधार आहे. फक्त दुपारनंतर जपून, कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लवकर उठायचंय.

आता राईड आणि पोट. गरगर फिरणाऱ्या राईडमध्ये कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय एक सांगत असतं आणि डोळे दुसरं. मेंदूला हा मेळ बसवता आला नाही की मळमळ सुरू होते. पडद्यावर दृश्यं पळतात आणि खुर्ची जागच्या जागी हलते, अशा सिम्युलेटर राईडमध्ये हा घोळ आणखी वाढतो. मळमळ सुरू झाली की जठराची हालचाल मंदावते, आणि त्यात तेलकट जेवण असेल तर ते आधीच हळूहळू पुढे सरकत असतं. साध्या जेवणाचा निम्मा भाग जठरातून पुढे जायला दोनेक तास लागतात, तेलकट असेल तर आणखी जास्त. त्यामुळे जेवणानंतर निदान तास-दीड तास गोल फिरणारं आणि उलटंपालटं करणारं काही नको. तो वेळ शो बघायला, बोटीच्या संथ सफरीला, दुकानं हिंडायला ठेवा. उलट टोकही टाळा. ‘ओकारी नको म्हणून काही खातच नाही’ असं म्हणणाऱ्यांना उपाशीपोटी जास्त गरगरतं. राईडच्या आधी कोरडी बिस्किटं, थोडा ब्रेड किंवा केळं पुरे. आल्याने काही जणांना खरोखर आराम पडतो, आल्याची गोळी किंवा कँडी जवळ ठेवायला हरकत नाही. मळमळीवरच्या बऱ्याचशा गोळ्यांनी झोप येते, तेव्हा त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

आणि आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे तो विषय: पेयं.

साध्या कोलात दर १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे. पार्कमधला मोठा ग्लास याहून मोठा असतो, त्यातला बर्फ वजा केला तरी एका ग्लासात ४० ते ५० ग्रॅम साखर सहज जाते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की वरून घातलेली साखर, आणि मध, सिरप, फळांचे रस यांतली साखर मिळून दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला हा हिशोब ५० आणि २५ ग्रॅमचा पडतो. म्हणजे एका ग्लासात दिवसाचा कोटा संपला, आणि पोटात भरल्यासारखं काहीच वाटलं नाही. लहान मुलाचा कोटा तर याहून बराच कमी.

बर्फाच्या रंगीत स्लशबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आई-वडील ते ‘नुसता बर्फ तर आहे’ म्हणून घेऊन देतात. जीभ थंड झाली की तिला गोडी कमी कळते. म्हणून अतिथंड पेय गोड लागावं यासाठी त्यात साखर जास्तच घालावी लागते. तोच स्लश वितळू द्या आणि मग एक घोट घेऊन बघा, घशाखाली उतरणार नाही इतका गोड लागेल.

यात आणखी एक सापळा म्हणजे ‘दिवसभर हवं तितक्या वेळा भरा’ असा पार्कच्या चित्राचा मोठा कप. विकत घेतला की तो वसूल करण्यासाठी माणूस तहान नसताना मशीनपाशी जातो. मुलांचा त्या कपावर जीव जडला असेल तर घ्या की, पण तो पाण्याने भरायचा हे घेण्याआधी ठरवा, घेतल्यानंतर नाही. हेच पुन्हा पुन्हा भरून मिळणाऱ्या पॉपकॉर्नच्या बादलीबद्दल.

तहान पाण्यानेच भागवा. पार्कमध्ये पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत ते नकाशावर पहिल्याच दिवशी बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर साधं पाणीही देतात, मागावं मात्र लागतं. माणशी एक बाटली न्या, काचेची नको, ती बहुतेक पार्कांत प्रवेशद्वारावरच अडवतात. माझी एक युक्ती सांगते. रात्री बाटलीत एक तृतीयांश पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली फ्रीझरमध्ये आडवी ठेवायची. सकाळी बाटलीच्या कडेने बर्फाची लांब पट्टी झालेली असते. वरून साधं पाणी ओतलं की प्यायला लगेच मिळतं आणि दुपारपर्यंत गारही राहतं. उभी ठेवून गोठवली तर तळाशी गोळा बसतो आणि वरचं पाणी कोमटच लागतं.

किती प्यायचं याचा एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. ऊन, घाम, वय, वजन यावर ते अवलंबून असतं. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक चाललंय. गडद असेल किंवा मूल बराच वेळ लघवीला गेलंच नसेल तर पाणी कमी पडतंय. बायका बऱ्याचदा स्वच्छतागृहाची रांग टाळायला म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. तेव्हा प्रत्येक जेवणाआधी स्वच्छतागृह, हा नियम करून टाका. दुसरीकडे, तासाभरात लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम पातळ होतं. घोट घोट, दिवसभर. स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नाही, जेवणातून मीठ मिळतंच, किंबहुना जास्तच मिळतं. ओआरएसची पाकिटं मात्र पिशवीत असू द्या, उलट्या-जुलाब झाले तर त्यासाठी. आणि हे पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं, चवीसाठी वर साखर घालायची नाही.

डब्याचं काय? आधी पार्कचे नियम बघा. काही ठिकाणी बाहेरचं खाणं चालतं, काही ठिकाणी फक्त पाणी आणि बाळाचं खाणं, किंवा वैद्यकीय कारण असेल तर तेवढंच. परवानगी असली तरी पूर्ण जेवण नेऊ नका असंच मी म्हणेन. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात शिजवलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ते बाहेर राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. पाठीवरच्या पिशवीत उन्हात चार तास फिरलेला भात, अंड्याचं सँडविच किंवा दुधाचा पदार्थ मुलांना भरवायचा नाही, वास बरा येत असला तरी. मधल्या वेळेसाठी कोरडं खाणं न्या: भाजलेले दाणे, बदाम-अक्रोड, खाकऱ्यासारखं कडक काहीतरी, बिस्किटं, आणि फळांत केळं, सफरचंद, संत्रं. चॉकलेट वितळतं, क्रीमची बिस्किटं चिकटतात. हे खाणं पिशवीत असलं की रांगेत पाऊण तास अडकलात तरी कुणी कासावीस होत नाही. साडेतीन वर्षांच्या धाकट्याला अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं आणि पॉपकॉर्न देऊ नका. चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात हे अडकण्याचा धोका असतो, आणि चालता-धावता खाताना तो वाढतो. राईडमध्ये बसून कुणीच काही चघळायचं नाही, मोठ्यांनीही.

मुलांना ‘नाही’ म्हणावं का? दिवसाकाठी एक मौजेचा पदार्थ, तो मुलाने स्वतः निवडायचा आणि कधी खायचा तेही सकाळीच ठरवायचं. अडीचला आइस्क्रीम मिळणार हे पक्कं माहीत असलेलं मूल अकरा वाजता दिसलेल्या कॉटन कँडीवर फार अडून बसत नाही. अडलंच तर ‘मग आजचं तुझं हेच का?’ असं विचारा. सात वर्षांच्या मुलाला हा सौदा चांगला कळतो. धाकट्याला तितका कळणार नाही, त्याला तुमच्यातलाच वाटा द्या, त्याला प्रमाण कळत नाही आणि मिळाल्याशी मतलब. एक मात्र करू नका: ‘रांगेत शहाण्यासारखा उभा राहिलास तर आइस्क्रीम’ ही लाच. एकदा दिली की पुढच्या प्रत्येक रांगेत तिचा भाव वाढतो.

मुलांच्या थाळीत गपचूप येणाऱ्या गोष्टींकडेही बघा. २००६ मध्ये डिस्नेने आपल्या पार्कांतल्या मुलांच्या जेवणात एक बदल केला. तोंडी लावणं म्हणून तळलेले बटाटे आणि सोबत सॉफ्ट ड्रिंक आपोआप येत असे, त्याऐवजी फळ किंवा भाजी आणि पाणी, दूध किंवा रस आपोआप येईल असं ठेवलं. बटाटे बंद केले नाहीत, मागितले की मिळत. पुढे वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या ऑर्डरींचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की जवळपास निम्म्या वेळा लोकांनी फळ-भाजी तशीच राहू दिली, आणि पेयांच्या बाबतीत तर जवळपास दोन तृतीयांश वेळा. कुणी उपदेश केला नव्हता, फक्त न बोलता जे ताटात येतं ते बदललं. तुम्ही जिथे जाल तिथे असं असेल-नसेल. नसेल तर काउंटरवर एक वाक्य बोलायचं: ‘बटाट्याऐवजी फळ किंवा सॅलड मिळेल का, पेयाऐवजी पाणी?’ बऱ्याच ठिकाणी मिळतं. आणि मोठ्यांच्या जेवणाचं माप दोघांना पुरण्याइतकं असतं, तुमचं आणि सासूबाईंचं एक मागवून बघा, कमी पडलं तर आणखी घेता येतंच.

मोठ्यांनी मौजेचं काय निवडावं याला माझी एक साधी कसोटी आहे: हा पदार्थ घराजवळच्या दुकानात मिळतो का? मिळत असेल तर इथे त्यासाठी पोट अडवू नका. पाकिटातले वेफर्स, नेहमीचं चॉकलेट, सगळीकडे सारखाच लागणारा पिझ्झा, हे सोडून द्यायला जड जात नाही. पार्कचा खास म्हणून जो पदार्थ गाजतो तो घ्या, बसून खा, तिघांत वाटून खा. पहिल्या चार-पाच घासांत जी मजा असते ती पुढे तितकी राहत नाही, हे स्वतःच ताडून बघा. आणि खाल्ल्यावर ‘आता संध्याकाळी जेवणार नाही’ असलं प्रायश्चित्त घेऊ नका. जेवण चुकवलेला माणूस रात्री नऊला काय काय खातो ते मी पुरेसं ऐकलंय.

सासूबाईंकडे वेगळं लक्ष द्यावं लागेल. एरवी घरात वावरणारी व्यक्ती पार्कमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालते. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, आणि काही गोळ्या अशा असतात, विशेषतः सल्फोनिलयुरिया गटातल्या, की खाणं लांबलं तरी इन्सुलिन सुटतच राहतं. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचंही तेच. अशा वेळी साखर एकदम उतरू शकते. त्यांच्या गोळ्या कोणत्या गटातल्या आहेत आणि या तीन दिवसांत डोस बदलायचा का, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तुम्ही स्वतः परस्पर काही कमी-जास्त करू नका.

थरथर, दरदरून घाम, चिडचिड, धडधड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली की ती उन्हामुळे आहेत की साखरेमुळे हे नुसतं बघून सांगता येत नाही. ग्लुकोमीटर जवळ हवा. दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला तर लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची: ग्लुकोजच्या गोळ्या, तीन-चार चमचे साखर पाण्यात, किंवा साधारण दीडशे मिलिलिटर साधं गोड सॉफ्ट ड्रिंक. हो, एवढ्या एका प्रसंगी ते कामाचं आहे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. मीटर हाताशी नसेल तरी साखर आधी द्या, शहानिशा मागून. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, पार्कच्या वैद्यकीय मदतीला बोलवायचं. ‘डाएट’ लिहिलेलं पेय इथे बिनकामाचं, त्यात साखरच नसते. आइस्क्रीम आणि चॉकलेटही नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा चढते. ग्लुकोजच्या गोळ्या त्यांच्या स्वतःच्या खिशात असाव्यात. अनेक राईडना पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागते आणि नेमकी तीच पिशवी घेऊन सुनबाई लॉकरकडे गेलेली असते. दिवसभर चालून झाल्यावर साखर रात्री उशिराही उतरू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा तपासा. कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते पार्क केलेल्या गाडीत ठेवू नका, आणि बर्फाला थेट चिकटवूनही ठेवू नका, दोन्हीने ते खराब होतं.

मधुमेह म्हणजे मौजेच्या पदार्थाला कायमची बंदी असं नाही. तिघांत वाटलेल्या आइस्क्रीमचे चार चमचे जेवणानंतर लगेच, आणि पुढे चालणं असेल, तर बहुतेकांना झेपतात. रिकाम्या पोटी स्लशचा अख्खा ग्लास झेपत नाही. रक्तदाबही असेल तर मिठाकडे बघा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ अशी शिफारस आहे, आणि पिझ्झा, सॉसेज, खारे पॉपकॉर्न, सॉस यांचं एकच जेवण त्याचा मोठा वाटा खाऊन टाकतं. सॉस वेगळा मागा, निम्मं काम होतं.

वॉटर पार्कचा एक दिवस असेल तर दोनच गोष्टी. पाण्यात असताना तहान कळत नाही, पण घाम आणि ऊन चालूच असतं. दर तासाला मुलांना बाहेर बोलावून पाणी पाजा. आणि गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूक खवळते, तेव्हा कोरडं खाणं टॉवेलच्या पिशवीतच ठेवा.

हात धुणं हेही याच विषयातलं. राईडच्या ज्या दांड्याला तुम्ही घट्ट धरता त्याला तुमच्याआधी शेकडो हातांनी धरलेलं असतं. सॅनिटायझर काही नसल्यापेक्षा बरं, पण जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही. खाण्याआधी साबण आणि पाणी. अॅलर्जी असलेलं कुणी सोबत असेल तर काउंटरवर पदार्थाचं नाव घेऊन विचारा, आणि तळण एकाच तेलात होतं का तेही विचारा.

रात्रीचं. आतषबाजी संपून हॉटेलवर पोचेपर्यंत दहा-साडेदहा होतात, आणि तेव्हा जेवायला बसलं तर जड जेवून तसंच झोपणं होतं, सकाळी नाश्त्याला भूक नाही, आणि अकराचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून सहाचं जेवण. त्यात भाजी, सॅलड, डाळ किंवा सूप असं काहीतरी बघा, तीन दिवस चोथाच पोटात गेला नाही तर सगळ्यांची सकाळ स्वच्छतागृहात अडते. खोलीत दूध, फळं, दही ठेवा, रात्री परतल्यावर तेवढं पुरतं. मद्य घ्यायचं असेल तर राईड संपल्यावर, दिवसा उन्हात नाही.

शेवटी तुमच्या वजनाचं. ‘एवढं चाललो, म्हणजे काहीही खाल्लं तरी जिरतं’ हा हिशोब चालत नाही. ७० किलोच्या माणसाला संथ चालीने एक किलोमीटर चालायला साधारण ४० ते ५० कॅलरी जास्तीच्या लागतात. बारा किलोमीटरचे ५०० ते ६०० झाले. बर्गर, तळलेले बटाटे आणि मोठं सॉफ्ट ड्रिंक मिळून हजाराच्या आसपास जातं. रांगेत उभं राहण्याने तर बसण्यापेक्षा जेमतेम जास्त ऊर्जा खर्च होते, आणि पार्कमधला बराच वेळ रांगेतच जातो. पण दुसऱ्या बाजूने हेही बघा. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. वरचं वेळापत्रक पाळलंत, पेयं आवरलीत आणि रोज एक पदार्थ मनापासून खाल्लात, तर तीन दिवसांत तसं होणं अवघडच.

तरीही घरी पोचून दुसऱ्या सकाळी काट्यावर उभ्या राहिलात तर आकडा एक-दोन किलोंनी वाढलेला दिसू शकतो. ते बहुतांशी पाणी असतं. मिठाने पाणी धरून ठेवलेलं, आणि पिष्टमय खाण्याने भरलेल्या ग्लायकोजेनसोबत, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेसोबत आलेलं, एक ग्रॅम ग्लायकोजेनमागे तीनेक ग्रॅम पाणी असतं. हा आकडा बघून घाबरलेल्या बायका दोन दिवस उपास करतात, तिसऱ्या दिवशी तुटून पडतात आणि मग खरी गाडी घसरते. परतल्यावर लगेच नेहमीचं जेवण सुरू करा, भाज्या आणि पाणी जरा वाढवा, आणि वजन आठवडाभराने बघा. पायांवरची सूज दोन-तीन दिवसांत उतरायला हवी. सासूबाईंची उतरली नाही, किंवा एकाच पायाला सूज असून तो दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तीन दिवस एवढं चालल्यावर त्यांचे तळवेही एकदा नीट बघा, मधुमेहात फोड आलेला कळतही नाही.